मिस्टरांच्या रक्तात शिसं ४८, मुलीच्या १७: औषध आधी की अंगण आधी?

ताई, तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे मिस्टर नऊ वर्षं बॅटरीच्या दुकानात कामाला आहेत. ट्रॅक्टरच्या, रिक्षाच्या, इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या उघडायच्या, प्लेटा बदलायच्या, पोल ओतायचे, असं काम. दुकानात जागा पुरत नाही म्हणून वर्षभरापासून काही बॅटऱ्या तुमच्या घरामागच्या अंगणात फोडल्या जातात. मिस्टरांच्या पोटात कळा येतात, शौचाला साफ होत नाही, अंग मोडून येतं. अॅसिडिटीच्या गोळ्या खाऊन झाल्यावर एका डॉक्टरांनी रक्तातलं शिसं तपासायला लावलं, ते निघालं ४८. मग घाबरून तुम्ही चार वर्षांच्या मुलीचंही तपासलं, ते १७. तुम्हाला स्वतःला तिसरा महिना आहे. आणि विचारलंय असं: रक्तातलं शिसं काढायचं औषध कोणतं, ओळखीच्या वैद्यांनी सुचवलेला रक्तशुद्धीचा काढा आणि भस्म चालेल का, आणि मुलीच्या डोक्यावर परिणाम होईल का.

मी डॉक्टर आहे आणि माझी बरीच वर्षं एमआयडीसीतल्या कामगारांच्या तपासण्या करण्यात गेली. त्यात बॅटरीवाले भरपूर. तुमच्या तीन प्रश्नांत एक चौथा राहून गेलाय आणि मला तोच मुख्य वाटतो: मुलगी दुकानात पाऊल टाकत नाही, तर तिच्या रक्तात शिसं आलं कुठून? ती वाट सापडून बंद होईपर्यंत कुठलंही औषध, अगदी बरोबर निवडलेलं औषधसुद्धा, वाया जातं. काही वेळा उलटतंही.

इथून सांगता येणार नाही असं बरंच आहे, तेही आधीच बोलतो. मुलीचं रक्त बोटातून घेतलं होतं की शिरेतून, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बोटाच्या कातडीवर शिशाची धूळ असेल तर बोटातून घेतलेल्या थेंबात आकडा खोटा वाढतो, म्हणून तसं असल्यास हात साबणाने स्वच्छ धुऊन, शिरेतून पुन्हा नमुना द्या. उपाशीपोटी जायची गरज नाही. मुलगी माती खाते का, तिचं हिमोग्लोबिन किती, अंगणात शेण-मातीची जमीन आहे की कोबा, घर स्वतःचं की भाड्याचं, यावरही बरंच अवलंबून आहे. खाली लिहितोय ते तुमच्या जवळच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावं म्हणून. त्यांनी तपासून सांगितलेलं याच्या वरचं धरा.

आता आकडे. हे मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर या मापातले आहेत. रिपोर्टवर शेजारी नॉर्मलची मर्यादा छापलेली असते, तिच्यावर फार विसंबू नका. लॅबगणिक ती वेगळी असते, आणि मोठ्यांसाठीची मर्यादा लहान मुलाच्या रिपोर्टवर छापलेली मी पाहिली आहे. अमेरिकेतला मुलांसाठीचा आकडाच बघा: १९६० च्या दशकात ६० पर्यंत चालतं असं मानायचे, १९८५ साली तो २५ वर आला, १९९१ ला १०, २०१२ ला ५ आणि २०२१ ला ३.५. मुलांची शरीरं तीच होती, मोजणाऱ्यांना कळत गेलं तसतशी मर्यादा खाली येत गेली. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासूनचं म्हणणं असं की ५ किंवा त्याहून जास्त निघालं की शिसं कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा. त्यामुळे १७ हा आकडा थोडासा वाढलेला वगैरे नाही. पण रात्री दवाखान्यात पळावं असाही नाही. काही आठवड्यांत कामाला लागावं असा आहे.

तुम्ही एकट्या या फेऱ्यात सापडलेल्या नाही. युनिसेफने २०२० साली मांडलेला अंदाज असा होता की जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात ५ किंवा जास्त शिसं आहे, म्हणजे जवळपास ८० कोटी मुलं. पेट्रोलमधलं शिसं आपल्याकडे २००० साली गेलं. घरगुती रंगांसाठी २०१७ पासून ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग शिशाची, मर्यादा आली. राहिली ती बॅटरी. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशाचा सगळ्यात मोठा वाटा आज बॅटऱ्यांतच जातो, आणि जुनी बॅटरी कुठेतरी फुटतेच. प्रश्न एवढाच की बंदिस्त कारखान्यात फुटते की कुणाच्या अंगणात.

शिसं शरीरात का टिकून राहतं, ते समजून घेतलं तर पुढचे सल्ले आपोआप पटतील. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडात नेऊन ठेवतं. मोठ्या माणसाच्या अंगातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत असतं. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं, हाडातलं मात्र वर्षानुवर्षं, दशकानुदशकं बसून राहतं आणि हळूहळू रक्तात उतरतं. रक्ताचा रिपोर्ट म्हणजे पोहरा. आडात किती आहे ते त्यात दिसत नाही. नऊ वर्षं हे काम केलेल्या माणसाने उद्या काम सोडलं तरी आकडा झटकन तळाला जाणार नाही, तो सुरुवातीला भराभर उतरेल आणि मग रेंगाळेल. तसं झालं की लोक घाबरून पुन्हा औषधांच्या मागे लागतात. म्हणून आत्ताच सांगून ठेवतो, ते अपेक्षितच आहे.

आता दुकानातलं काम डोळ्यांपुढे आणा. मिस्टरांना वाचून दाखवा, ते मान हलवतील. बॅटरीचं झाकण उचकटलं, अॅसिड ओतून दिलं, प्लेटांचा गठ्ठा उपसला. प्लेटांना लागलेला तो तपकिरी-करडा लगदा ओला असेपर्यंत ठीक असतो, वाळला की त्याची पिठासारखी भुकटी होते. प्लेटा आपटल्या, घासल्या, पोत्यात टाकल्या की ती उडते. दुकानात सगळेजण भट्टीच्या नाहीतर गॅसच्या नळीच्या धुराला घाबरतात, कारण धूर दिसतो. शिसं ३२७ अंशाला वितळतं, त्याचा धूर मात्र त्याहून बऱ्याच जास्त तापमानाला वाढतो. लहान दुकानात पोल ओतण्याइतपत काम असेल तर धुरापेक्षा ही भुकटी जास्त शिसं पोटात घालते. ती तळहाताच्या रेषांत, नखांत, मिशीत, शर्टाच्या खिशात जाऊन बसते. मग चहाच्या वेळी त्याच तळहातावर तंबाखू चुना लावून मळली जाते, चिमटीने चोळली जाते आणि ओठात धरली जाते. इतक्या पद्धतशीरपणे शिसं पोटात घालायचा दुसरा मार्ग मला तरी सुचणार नाही. तपासणीला आलेल्या बॅटरीवाल्याला मी मास्कआधी तंबाखूचं विचारतो. एकाच बाकावर बसून एकच काम करणाऱ्या दोघांत एकाचा आकडा दुसऱ्याहून बराच चढा असेल तर कारण बऱ्याचदा या डबीत सापडतं. बिडी आणि गुटख्याचंही तेच.

नाकाला रुमाल बांधण्याचा उपयोग नाही, साध्या सर्जिकल मास्कचाही नाही. लागतो तो पी-१०० (अगदी बारीक धूळही अडवणारा) फिल्टर बसवलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा अर्धमुखी मास्क, आणि दाढी असेल तर तोही नीट बसत नाही. पण मास्क लावून तंबाखू खाल्ली तर सगळं मुसळ केरात.

हीच भुकटी संध्याकाळी घरी येते. कपड्यांवर, बुटांवर, गाडीच्या सीटवर, मोबाईलवर, जेवणाच्या डब्याच्या पिशवीवर. मुलगी बाबांच्या गळ्यात पडते, मोबाईल मागून घेते, नंतर बोटं तोंडात घालते. मोठ्या माणसाने गिळलेल्या शिशापैकी दहाएक टक्के अंगात जातं, लहान मुलाच्या अंगात जवळपास निम्मं. पोट रिकामं असेल, अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर अजून जास्त. शिवाय तुमच्याकडे नुसती कपड्यांवरची धूळ नाही, अंगणात प्रत्यक्ष फोडाफोड चालते. म्हणून माझा पहिला संशय अंगणावर आहे.

अंगणाचा विषय गंभीर का, त्यासाठी सेनेगल देशातलं एक उदाहरण सांगतो. डाकार शहराजवळच्या तियारोय-सुर-मेर या वस्तीत जुन्या बॅटऱ्या फोडायचं काम चालायचं. मातीत मिसळलेलं शिसं चाळून काढून विकलं तर पैसे मिळतात म्हणून बायका घराजवळ ती माती चाळू लागल्या. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तिथे १८ मुलं दगावली. मुलं कारखान्यात गेली नव्हती, आईजवळ खेळत होती. तुमच्याकडे तसं झालंय असं मी म्हणत नाही, १७ आणि त्या मुलांचे आकडे यांत फार अंतर आहे. पण रस्ता तोच आहे.

म्हणून करायचं काय, ते क्रमाने सांगतो. अंगणातलं काम आजच बंद, मालक काहीही म्हणो. उरलेल्या प्लेटा, पोती, फुटक्या पेट्या तिथून हलवायच्या, पण मुलगी आणि तुम्ही घरात असताना नाही. जमलं तर दोघी काही दिवस माहेरी जा. मागे जे हलवतील त्यांनी सगळं आधी पाणी मारून ओलं करावं, मास्क आणि हातमोजे घालावेत. मातीचा वरचा थर ओला करूनच काढायचा आणि पोत्यात बांधायचा; शेतात, ओढ्यात किंवा परड्यात नेऊन टाकायचा नाही. त्याची विल्हेवाट कशी लावायची ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या भागातल्या कार्यालयात विचारा. ते होईपर्यंत पोती ताडपत्रीखाली, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा. मग त्या जागेवर मुरूम टाकून कोबा करून घ्या किंवा शहाबादी फरशी घाला. खर्च होईल. पण औषधांवर आणि फेऱ्यांवर जाणाऱ्या पैशांपेक्षा हा खर्च मुलीला जास्त उपयोगी पडेल, याबद्दल मला शंका नाही.

घरात झाडू मारणं काही दिवस बंद. कोरड्या झाडूने ही धूळ उडते आणि तासाभराने पुन्हा तिथेच बसते. ओल्या फडक्याने पुसा, साबणाचं पाणी घ्या, फडकं वरचेवर धुवा, खिडकीचे कट्टे आणि पलंगाखालची जागा विसरू नका. सतरंजी, गोधडी आत झटकू नका, धुऊन टाका. मिस्टरांनी दुकानातच कपडे आणि बूट बदलून, हातपाय, तोंड, शक्य असेल तर डोकं साबणाने धुऊन घरी यावं. नुसतं पाणी ओतून ही धूळ निघत नाही. कामाचे कपडे वेगळ्या बादलीत, आणि ते तुम्ही धुवायचे नाहीत, पोटात बाळ असताना तर मुळीच नाही. ज्याचे कपडे त्याने धुवावेत.

एक अजून विचारतो, कारण लोक आपणहून सांगत नाहीत: बॅटरीच्या फुटक्या पेट्या तुमच्याकडे बंबात किंवा चुलीत जाळता का? पेट चांगला घेतात म्हणून काही घरांत जाळतात. १९३० च्या सुमारास मंदीच्या काळात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात गरीब घरांनी बॅटरीच्या जुन्या पेट्या सरपण म्हणून जाळल्या आणि त्या घरांतल्या मुलांना शिशाची बाधा झाली. पेट्या तेव्हा लाकडाच्या असत, आता प्लास्टिकच्या असतात, त्यांना चिकटलेलं शिसं तेच आहे. जाळत असाल तर थांबवा आणि बंबातली राख भांडी घासायला घेऊ नका.

आता मुलगी. १७ ला शिसं काढायचं औषध देत नाहीत. त्या औषधांना कीलेटिंग औषधं म्हणतात, मुलांसाठी तोंडाने द्यायचं त्यातलं मुख्य सक्सिमर. ती साधारण ४५ च्या वर विचारात घेतात. खालच्या आकड्यांना का नाही, याला भक्कम आधार आहे. अमेरिकेत २० ते ४४ दरम्यान शिसं असलेल्या ७८० मुलांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००१ साली आले. औषधाने रक्तातला आकडा खाली आला, पण बुद्धीच्या आणि वागण्याच्या चाचण्यांत औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत फरक पडला नाही. रिपोर्ट सुंदर झाला, मूल तिथेच राहिलं. त्यात घरात शिसं येत असताना अशी औषधं दिली तर आतड्यातून शिसं जास्त शोषलं जाण्याचीही भीती असते. औषध उलटतं असं वर म्हटलं ते हेच.

तिच्यासाठी हे करा: हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासा. लोह कमी निघालं, आणि माती खाणाऱ्या मुलांत ते बहुतेक वेळा कमी निघतं, तर डॉक्टरांकडून लोहाचं औषध पूर्ण मुदतीचं घ्या. तिला उपाशी ठेवू नका, थोड्या थोड्या वेळाने खायला द्या. दूध-दही, नाचणीची भाकरी किंवा सत्त्व, डाळी, मोड आलेली कडधान्यं, पालेभाजी, वर लिंबू पिळून. यात जादूचा पदार्थ एकही नाही. कॅल्शियम आणि लोह पुरेसं असलं की आतडं शिसं कमी उचलतं, एवढंच. माती खात असेल तर पोटाचा एक एक्स-रे काढायचा का, ते बालरोगतज्ज्ञांना विचारा. शिशाचे कण आतड्यात पडून असले तर त्यात दिसतात. जेवणाआधी आणि झोपण्याआधी हात साबणाने धुणं, नखं कापलेली ठेवणं. एवढ्यावर आकडा उतरायला लागतो, वाट बंद झाली असेल तर.

डोक्यावर परिणाम होईल का, हे तुम्ही शेवटी विचारलंय, पण पोटात गोळा त्याचाच आहे हे कळतं. खरं तेच सांगतो. शिसं वाढत्या मेंदूला अपाय करतं, याबद्दल वाद उरलेला नाही. अनेक देशांतल्या अभ्यासांचं २००५ साली एकत्र विश्लेषण झालं, त्यात रक्तातलं शिसं २.४ वरून ३० पर्यंत जाताना बुद्ध्यांक सरासरी ७ गुणांच्या आसपास कमी होताना दिसला, आणि त्यातला मोठा हिस्सा सुरुवातीच्या दहातच गेला. पण ही सरासरी आहे. एका मुलीबद्दल त्यावरून काही सांगता येत नाही; तिचं खाणं, घरातलं बोलणं, अंगणवाडी, शाळा, झोप या सगळ्यांचं वजन त्याहून कमी नाही. तिला बोलायला, ऐकायला, एका जागी बसायला अडचण वाटते का ते बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. अडचण असेल तर आत्तापासून मदत मिळालेली बरी. आणि नातेवाइकांत ‘हिच्या डोक्यावर परिणाम झालाय’ अशी चर्चा होऊ देऊ नका. तो शिक्का शिशापेक्षा जास्त टिकतो.

मिस्टरांचं दुखणं अंगावर काढण्यासारखं नाही. पोटात पीळ पडल्यासारख्या कळा, बद्धकोष्ठ, चिडचिड, झोप उडणं, हातातली ताकद कमी होणं, पंडुरोग म्हणजे रक्त कमी होणं, ही शिशाची जुनी ओळख आहे. या कळांना अपेंडिक्स समजून पोट उघडल्याची उदाहरणं वैद्यकात जुनी आहेत, म्हणून कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी ‘बॅटरीचं काम’ हे दोन शब्द पहिल्या वाक्यात सांगा. रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरून बघितलेला रक्ताचा थेंब), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि लघवी तपासा, कारण शिसं मूत्रपिंडालाही धरतं. त्यांनी मनगट वर उचलून धरावं आणि तुम्ही ते दाबून बघा. एक हात लगेच खाली पडत असेल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

त्यांना औषध लागेल का? ४८ आणि त्यात लक्षणं, हा मधला पट्टा आहे. मी असतो तर पहिलं काम म्हणजे त्यांना त्या कामावरून पूर्ण बाजूला केलं असतं, आणि साधारण महिन्याने पुन्हा रक्त तपासलं असतं. बऱ्याच जणांना एवढ्यावर आराम पडतो. कळा थांबत नसतील, हातात अशक्तपणा असेल किंवा आकडा वर जात असेल तर औषधाचा विचार, तोही मोठ्या रुग्णालयात दाखल करून. गल्लीतल्या दवाखान्यात सलाईनमधून ‘शिसं काढणारं इंजेक्शन’ घ्यायचं नाही. ईडीटीए नावाची दोन औषधं असतात. एकात कॅल्शियम असतं, ते शिशासाठी. दुसऱ्यात ते नसतं, ते रक्तातलंच कॅल्शियम ओढून घेतं आणि हृदय बंद पाडू शकतं. अमेरिकेत २००३ ते २००५ दरम्यान याच औषधानंतर तीन जण दगावले आणि त्यात लहान मुलंही होती.

काढा आणि भस्माबद्दल. काढ्यात काय आहे ते माहीत असल्याशिवाय मी हो म्हणणार नाही, पण भस्माला स्पष्ट नकार. नागभस्म हे शिशाचंच भस्म आहे. रसशास्त्रातल्या इतर काही औषधांतही शिसं आणि पारा असतो. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये सहा गर्भवती बायकांच्या रक्तात शिसं वाढलेलं सापडलं, आणि सहाही जणी भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधं घेत होत्या. तुमच्या घरात आधीच दोघांच्या रक्तात शिसं असताना हा धोका कशाला? वैद्यांना रिपोर्ट दाखवा, समजूतदार असतील तर तेच नको म्हणतील.

कारखान्यांतून कामगारांना दूध आणि गूळ देतात, त्याबद्दलही सारखं विचारलं जातं. दूध चांगलंच, कॅल्शियम मिळतं. गुळाने घशातली धूळ उतरते अशी समजूत आहे. पण दूध-गूळ खाऊन शिसं निघून जातं असं नाही, आणि मालक मास्कऐवजी दूध देत असेल तर तो पैसे वाचवतोय.

तुमच्या स्वतःच्या रक्ताची तपासणी अजून झालेली दिसत नाही. ती या आठवड्यात करा. शिसं वारेतून बाळापर्यंत सहज जातं. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हाडातलं कॅल्शियम बाळासाठी सुटतं, त्याबरोबर हाडातलं शिसंही सुटतं. सरकारी दवाखान्यातून चौथ्या महिन्यापासून रोज दोन कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, त्या बायका बऱ्याचदा कपाटात ठेवून देतात. तुमच्या बाबतीत त्या गोळ्यांना दुहेरी काम आहे. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. तुमचा आकडा ५ च्या वर आला तर स्त्रीरोगतज्ज्ञांना रिपोर्ट दाखवून पुढची तपासणी ठरवा. अंगावर पाजण्याची काळजी आत्तापासून नको. आकडा ४० च्या खाली असेल तर पाजायला हरकत नसते. आणि गरोदरपणात माती किंवा भाजलेली पांढरी माती खावीशी वाटत असेल तर अंगणातली तर नाहीच, पण विकतचीही नको.

घरातल्या बाकीच्या जागा एकदा नजरेखालून घाला, पण अंगणाचं काम झाल्यावर. देवाला लावायचा शेंदूर पारंपरिक असेल तर तो शिशाचा ऑक्साईड असतो. मुलीच्या कपाळाला, हाताला लागू देऊ नका. कल्हईच्या कथलात भेसळ म्हणून शिसं मिसळलं जातं. सुट्ट्या, डोळ्यांत भरणाऱ्या पिवळ्या हळदीत लेड क्रोमेट सापडलेलं आहे, म्हणून हळकुंड आणून घरी दळलेली बरी. भंगारातून ओतलेली स्वस्त अॅल्युमिनियमची पातेली आंबट पदार्थांना वापरू नका. हे सगळं खरं असलं तरी तुमच्या घरात याचा वाटा लहान असणार. लोक हळद बदलतात आणि अंगण तसंच ठेवतात, म्हणून हे मुद्दाम खाली लिहिलं.

नोकरीचं बोलणं सगळ्यात अवघड आहे, आणि यावर मी सल्ला दिला तरी चूल तुम्हाला पेटवायची आहे. अमेरिकेतला १९७८ चा नियम असा की रक्तातलं शिसं ठरावीक पातळीच्या वर गेलं की कामगाराला पगार न कापता त्या कामावरून बाजूला करायचं आणि ४० च्या खाली आल्यावर परत घ्यायचं. आता बरेच तज्ज्ञ ३० ला बाजूला करा, १५ च्या खाली आल्यावर परत घ्या म्हणतात. मला दुसरं पटतं. आपल्याकडे लहान दुकानात हे कोण पाळणार? तरी मालकाशी बोलताना दोन गोष्टी हाताशी ठेवा. शिशाची बाधा ही कायद्याच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे, त्यामुळे भरपाई मागता येते. ईएसआयचं (राज्य कामगार विम्याचं) कार्ड असेल तर तो मार्ग वेगळा आणि सोपा. दुसरं, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच गेली पाहिजे. अंगणात फोडणं त्यात बसत नाही, आणि हे मालकाला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. नेमणुकीचं पत्र नसेल तर पगाराच्या बँकेतल्या नोंदी, मोबाईलवरचे मालकाचे निरोप, कामाच्या जागेचे फोटो आणि रक्ताचे सगळे रिपोर्ट एका फाईलमध्ये जपा. भांडणासाठी नसलं तरी कामाचं असतं.

मधला रस्ता म्हणून त्याच दुकानात विक्री, चार्जिंग, गाडीला बॅटरी बसवून देणं, अशी कामं मागून बघा. बंद बॅटरी हाताळण्यात धोका फार कमी आहे. फक्त तो कोपरा फोडाफोडीच्या जागेपासून खरंच वेगळा असला पाहिजे; एकाच शटरमागे दोन्ही चालत असेल तर नुसतं टेबल बदलून भागत नाही.

पुढच्या तपासण्या अशा: मिस्टरांची महिन्याने, मुलीची एक ते तीन महिन्यांत (अंगण लवकर झालं तर तीन, रेंगाळलं तर एक), तुमची लगेच आणि मग डॉक्टर सांगतील तशी. दर वेळी एकाच लॅबमध्ये द्या, नाहीतर दोन-चार अंकांच्या फरकाने उगाच जीव वरखाली होतो. मधल्या काळात मुलगी वारंवार ओकायला लागली, झोकांड्या देऊ लागली, सुस्त पडली किंवा फीट आली तर तपासणीच्या तारखेची वाट बघू नका. त्याच वेळी जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात न्या आणि १७ चा रिपोर्ट केसपेपरला जोडा, म्हणजे इतर कारणं शोधण्यात वेळ जाणार नाही.

नवे आकडे आले की इथेच लिहा. नमुना शिरेतून होता की बोटातून, तेवढं मात्र न विसरता लिहा.